मान खाली घातली की करंट!

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. आमच्या शहरातल्या प्लेगच्या पळापळीला दोन वर्षं झाली होती आणि आमची पिंकी सात महिन्यांची होती. वेळ इतकी पक्की कशी ठाऊक, ते सांगतेच. त्या मिनिटाला माझं दुखणं सुरू झालं आणि त्याच मिनिटाला आमच्या बमरोलीच्या गल्लीत किस्से सुरू झाले. दुखणं माझ्या एकटीचं, पण किस्से सगळ्या ओटल्याचे! दुपारी आम्ही आठ-दहा जणी ओटल्यावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून नव्या साड्यांचे लोंबते धागे कापतो. हात कामात, तोंड मोकळं. एकीनं एक सांगितला की दुसरीला दुसरा आठवतो, आणि गठ्ठा वाढतच जातो. तेव्हा मी रडत होते. आता सगळ्यांत जास्त मीच हसते.

*

तर मंगळवारी मी पिंकीला आंघोळ घालत होते. आपली नेहमीची पद्धत. पाटावर बसून पाय लांब करायचे आणि पोर नडग्यांवर पालथी. तिची पाठ चोळायला मान खाली घातली, आणि मानेतून सण्णकन करंट निघाला तो पाठीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत! मान वर केली, गेला. खाली घातली, पुन्हा!

मी ओरडले, "करंट! करंट!"

आता आमचा भाग पडला साड्या विणायच्या लूमचा. भिंतीपलीकडं दिवसरात्र मशिनी चालतात. करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, लाकडानं सोडवायचं, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्यालाही माहीत. सासूबाईंनी पिंकीला पदरात धरून ओढलं आणि दुसऱ्या हातानं कपडे धुवायचं धोपाटणं उचलून माझ्या दंडावर असं हाणलं, की मी मोरीतून सरळ स्टोव्हपाशी!

"सुटनी का वं?" त्यांनी विचारलं. त्या जास्त करून अहिराणीच बोलतात.

"सुटले," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? धोपाटणं अजून त्यांच्या हातात होतं!

मग म्हणाल्या, "घड्याळ पाह्य. कितला वाजनात?" गावाकडच्या भगताला विचारायचं तर बाधा कधी झाली ते मिनिटासकट सांगावं लागतं. नऊ-दहा झाले होते. पिंकीच्या लशीच्या कार्डावर त्यांनी मला ते लिहून ठेवायला लावलं. पोलिओच्या रकान्याशेजारी.

*

आमचे हे लूमच्या कारखान्यात फिटर आहेत. पाळी संपवून आले, सगळं ऐकलं, आणि खिशातून टेस्टर काढला. बादलीला लावला. नळाला लावला. ओल्या भिंतीला, मोरीच्या जाळीला, स्टोव्हला, सगळीकडं लावला. दिवा काही लागेना.

मग माझ्याकडं वळले. "डोकं खाली कर."

मी केलं. करंट आला. मी "अं!" केलं. ह्यांनी टेस्टर माझ्या मानेला लावला.

"नाहीये करंट."

"मला येतोय ना!"

"येतोय तर दिवा का लागत नाही?"

एवढ्यात आमच्या घरमालकीण जसुबेन धावत आल्या. भाडेकरूला घरात करंट लागला ही गोष्ट पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, पर्वत पाटियापर्यंत पोचली तर काय, ही त्यांना धास्ती. दारातूनच ओरडल्या, "मारा घरमां करंट नथी हों! अर्थिंग नवुं कराव्युं छे!"

हे म्हणाले, "जसुबेन, घराला नाही. बायकोला आहे."

जसुबेननी पदर सावरला. म्हणाल्या, "तो ठीक छे."

पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. आठवड्यातून एक दिवस आमच्या भागातली वीज बंद असते. त्या दिवशी लूम बंद, पंखे बंद, सगळी गल्ली गपगार. ह्यांनी वरून मेन स्विचही पाडला आणि म्हणाले, "आता कर मान खाली."

केली. करंट आला.

 ह्यांनी टेस्टर खिशात न ठेवता हळूच फळीवर ठेवला. त्या दिवशी मला कळलं की हे घाबरलेत.

*

ओटल्यावर मात्र माझी जत्रा झाली. आमची कलाबाई, शिंदखेड्याकडची, दोन घरं सोडून राहते. तिला सगळं स्वतः बघायचं असतं. "सुनंदा, वाक ना जरा! ह्या ताईंनी पाहिलं नाही अजून." मी धागा कापायला मान घातली की झटका, आणि झटका आला की कात्री टुणकन उडायची. बायका मागं सरकून बसायला लागल्या. पुढं पुढं माझ्याभोवती एवढी जागा मोकळी राहायची की जसुबेनची बकरी येऊन बसायची.

त्याच आठवड्यात गावाकडची मंडळी लग्नाला जाता जाता आमच्याकडं उतरली. सात मोठी माणसं. सून म्हटल्यावर डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांच्या पाया पडायचं. पहिल्याच्या पाया पडले, झटका. दुसऱ्या, झटका. मी दात आवळून चालले होते. शेवटी चुलत सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी वाकले, आणि तो झटका असा जोरात आला की मी आख्खी थरथरले.

आबांनी आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. 

"पाह्यनं का?" आबा म्हणाले. "आशीर्वाद कसा पोचना!"

 मोठ्या माणसाला कसं सांगायचं? आता गावात कुणाचा बैल आजारी पडला तरी आबांना बोलावतात म्हणे, हात ठेवायला!

*

मग गल्लीतल्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. हाडं चांगली निघाली. त्यांनी गळ्याला लावायचा जाड पट्टा दिला. पट्टा लावला की मान वाकतच नाही, मान वाकली नाही की करंट येत नाही. घरात आनंदीआनंद! सासूबाईंनी पेढे वाटायचं ठरवलं.

पण पट्टा लावून धागे कसे कापायचे? पोराला पाजताना तिचं तोंड कसं बघायचं? मी आरसा भिंतीला टेकवून त्यात बघून पिंकीला पाजायची. आणि पिंकीला तेव्हा दात येत होते. तिला तो पट्टा फार आवडला. मी कडेवर घेतली की ती आधी पट्टा धरायची आणि कराकरा चावायची.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "आराम पडा?"

सासूबाई मागून म्हणाल्या, "पोरीला पडला!"

*

त्यानंतर नवीन सुरू झालं. बरगड्यांखाली कुणी पट्टा आवळून बांधलाय असं वाटायला लागलं. चारी बाजूंनी. मला वाटलं परकराची नाडी घट्ट झाली. सैल केली. तरी तसंच. आणखी सैल केली. तरी तसंच.

भाजीची गाडी आली होती. सगळ्या बायका गाडीभोवती. मी वांगी निवडत होते आणि ते आवळणं सहन होईना. हळूच नाडीला हात घातला आणि पुरती सोडली. परकर गेला खाली, साडीच्या निऱ्या गेल्या त्याच्यामागं, आणि मी दोन्ही हातांत वांगी घेऊन उभी!

"मन्ही माय!" करत कलाबाई धावली. कापायला आणलेल्या गठ्ठ्यातली एक नवी कोरी साडी तिनं माझ्याभोवती गुंडाळली. भाजीवाल्यानं बिचाऱ्यानं आभाळाकडं तोंड केलं आणि तसाच "कांदा, बटाटा" ओरडत राहिला.

"आता तरी सैल वाटतंय का?" कलाबाईनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही गं. अजून घट्टच आहे!"

बायका हसून हसून खाली बसल्या. कलाबाई मात्र हसली नाही. तिनं माझ्या पोटावर हात फिरवून पाहिला. तिथं काहीच बांधलेलं नव्हतं.

*

हा किस्सा मी ओटल्यावर कधी सांगत नाही. इथं सांगते, कारण याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

पोराला आंघोळ घालताना आपण पाणी आधी हातानं बघतो, मग थोडं आपल्या पायावर ओततो, मग पोराच्या अंगावर. त्या दिवशी मी हात घातला. कोमट लागलं. पायावर ओतलं. पायाला तर काहीच लागलं नाही, पाणी आहे की नाही तेही कळेना. मी तांब्या पिंकीवर धरला, आणि तेवढ्यात सासूबाई साबण द्यायला आल्या. माझ्या पायाकडं त्यांचं लक्ष गेलं. पाय लालभडक झाला होता. त्यांनी बादलीत बोट घातलं आणि चटका बसून ओरडल्या.

तांब्या माझ्या हातात तसाच होता. पिंकी हसत होती. तिला वाटलं आम्ही खेळतोय.

माझ्या पायावर फोड आले आणि मला ते दुखतसुद्धा नव्हते.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी पिंकीचे कपडे एका पिशवीत भरले. "पोर आठे ऱ्हाई तर भाजी जाई," म्हणाल्या. म्हणजे पोर इथं राहिली तर भाजेल. "मी गावले लई जासू. तू बरी व्हय, मंग पाहू."

मी म्हटलं, "ती अंगावर पिते अजून."

"बकरीचं पील."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीकडं बघत होते. सासूबाईंवर मला राग धरता येईना, कारण बोट त्यांचं भाजलं नसतं तर पोर माझी भाजली असती. मी एवढंच म्हटलं, "मोठ्या डॉक्टरांना दाखवू. ते काय म्हणतात ते होऊ द्या. तोवर नेऊ नका."

पिशवी भरलेलीच राहिली, दाराच्या खुंटीवर. मी रोज तिच्याखालून जायची.

*

गल्लीतला डॉक्टर खरा माणूस. पायाचे फोड बघून आणि ते दुखत नाहीत ऐकून त्यानं सरळ सांगितलं, "ये मेरा काम नहीं." आणि मेंदू-नसांच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "कब से?"

मी म्हटलं, "मंगलवार. सुबह नौ बजके दस मिनट."

त्यांनी पेन थांबवलं. "बेन, पेशंट लोग साल भी ठीक से नहीं बताते!"

मी पिंकीचं लशीचं कार्ड पुढं केलं. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि खरंच आपल्या कागदावर तीच वेळ लिहिली.

मग ते उठून माझ्यामागं आले. डोक्यावर हात ठेवून माझी मान हळूहळू खाली केली आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "बिजली जैसा? पीठ में से पैर तक?"

मला एकदम रडू फुटलं. इतके दिवस मी सांगत होते आणि लोक बघत होते. हा पहिला माणूस, ज्याला न सांगता माहीत होतं! मी हुंदके देऊन रडायला लागले. डॉक्टरांनी चटकन हात मागं घेतला.

हे ताडकन उठून म्हणाले, "साहेब! आपको भी लगा?"

*

डॉक्टर हसले, पण नंतर ह्यांच्याशी फार नीट बोलले. ह्यांनी टेस्टर लावल्याचं, मेन पाडल्याचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मतलब फॉल्ट घर में नहीं, ये तो तुमने पक्का कर दिया."

त्यांनी कागदावर चित्र काढलं. पाठीच्या मणक्यांच्या आतून दोरीएवढी जाड नस जाते. तिच्यातल्या तारांवर वेष्टण असतं. ते एखाद्या जागी सुजलं, सोललं, की मान वाकवताना झटका येतो. पोटाचं आवळणं तिथूनच, ऊन-गार न कळणं तिथूनच. ह्यांना लगेच समजलं. तेव्हापासून हे सगळ्यांना असं समजावतात की जणू माझी नस ह्यांनीच बसवलीय!

मग एमआरआय करायला मुंबईला पाठवलं. तिथं मंगळसूत्र, जोडवी, पिना सगळं काढून घेतलं. मशीनवाल्या बाईनं मला दहा वेळा बजावलं, "आत फार मोठा आवाज होतो, घाबरायचं नाही, हलायचं नाही, घाबरलात तर हे बटण दाबायचं." माझ्या आधीची बाई रडत बाहेर आली होती. 

मला आत सरकवलं. मशीन सुरू झालं. खडखडखड, टकटकटक, धडाधडा!

पुढचं मला आठवतं ते एवढंच, की ती बाई माझा खांदा हलवत होती. "अहो! अहो बाई! काय होतंय? ऐकू येतंय का?"

मी डोळे उघडले. म्हटलं, "झालं का?"

"तुम्ही झोपलात?"

आता काय सांगू तिला! पाच वर्षं लूमच्या भिंतीला डोकं लावून झोपतेय. शांतता असली तरच मला झोप येत नाही!

*

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, गाठ नाही. टीबी नाही. मानेतल्या नसेत एक डाग आहे, सूज आहे. सलाईनमधून पाच दिवस औषध देऊ, बरंचसं उतरेल. मग थांबून म्हणाले, की मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा एक आजार असतो, त्याची कधीकधी अशी सुरुवात होते. असेलच असं आज सांगता येत नाही. पण पुढं डोळ्याला अंधुक दिसलं, हात-पाय जड पडला, पुन्हा असं काही झालं, तर घरी बसायचं नाही, लगेच यायचं.

मी ते नाव साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून आणलं. ओटल्यावर तो पुठ्ठा हातोहात फिरला. कलाबाई म्हणाली, "एवढं मोठं नाव आख्ख्या गल्लीत कुणाच्या दुखण्याला नाही!" आणि तिला खरोखर अभिमान वाटत होता.

भीती आहेच. अजूनही सकाळी उठले की आधी एक डोळा झाकून घड्याळ बघते, मग दुसरा झाकून. दोन्हींनी काटे दिसले की कामाला लागते. पण मी वेडी नव्हते, बाधा नव्हती, नाटक नव्हतं, हे पुठ्ठ्यावर लिहिलेलं आहे. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

*

आता शेवटचा.

औषधानं करंट कमी झाला. पोटाचं आवळणं सैल पडलं. पण हातापायाला ऊन-गार कळायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "कळलं तर पोर तुझी. नाही कळलं तर माझ्यासंगं गावाला." आणि त्यांनी माझ्यासाठी स्वतःच एक परीक्षा काढली.

रोज सकाळी मोरीत तीन पितळी तांबे मांडायचे. एकात गार, एकात कोमट, एकात बऱ्यापैकी ऊन. वर फडकी, वाफ दिसू नये म्हणून. माझे डोळे पदरानं बांधायचे. मी डावा पाय धरायचा, त्या थोडं थोडं पाणी सोडायच्या. "सांग."

पहिल्या दिवशी तिन्ही चुकले. दुसऱ्या दिवशी तिन्ही चुकले. ओटल्यावर बायका निकालाची वाट बघत बसायच्या. कलाबाई खुणेनं विचारायची, मी मान हलवायची. आठवड्यानं एक बरोबर आलं. मग दोन. मग पुन्हा एकच. एकदा कलाबाईनं खिडकीतून खोकून सांगायचा बेत केला, गारला एकदा, कोमटला दोनदा. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली आणि तिला सुंठेचा काढा पाठवला!

गावाकडची गाडी शनिवारची ठरली. सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं, की पोर मी घेऊन जाते. शुक्रवारी जसुबेन येऊन पिंकीला झबलं देऊन गेल्या, जाणाऱ्या पोरीला देतात तसं.

शनिवारी सकाळी त्यांनी माझे डोळे बांधले. गाठ रोजच्यापेक्षा घट्ट मारली. पिंकी माझ्या हातून जाणार की राहणार, तेवढ्यासाठी हे कामावर न जाता दारात उभे होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

पहिला तांब्या. मी लक्ष सगळं पायात आणलं. "कोमट."

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

दुसरा. मला पुन्हा कोमटच लागलं. मनात म्हटलं, संपलं. एक कोमट झालं, हे कोमट कसं असेल? ऊन म्हणू का गार म्हणू? म्हणजे निदान एक तरी बरोबर येईल. पण पायाला जे लागत होतं ते लागत होतं. "कोमट," मी म्हटलं, आणि पदराच्या आतल्या आत माझे डोळे भरून आले.

तिसरा. मी पायाची बोटं हलवून पाहिली. 

"हेही कोमटच लागतंय," मी म्हटलं. "तिन्ही सारखंच लागतंय मला. न्या तिला."

ह्यांनी पुढं होऊन तांब्यांत बोट घातलं असावं, कारण तेच म्हणाले, "आई, तिन्हींत कोमटच?" मग तांबे बादलीत रिकामे केल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. सासूबाईंनी माझ्या डोळ्यांवरची गाठ सोडली. खुंटीवरची पिशवी काढली, उलटी केली, पिंकीचे कपडे खाटेवर पडले. मग पिंकीला आणून माझ्या पायांवर पालथी ठेवली.

"पानी थंडं व्हई जाई," त्या म्हणाल्या. "पोरनं आंग धोई टाक."

आणि बाहेर ओटल्यावर जाऊन, कमरेवर हात ठेवून, सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडल्या,

"पोर आठेच राही! ज्याले त्याले सांगी द्या!"